राखाडी की तपकिरी: फ्रांकेनच्या माळ्यावरच्या बाळंतिणी

बाळ अडीच महिन्यांचं होत आलं तेव्हा समीरने एका रविवारी जाहीर केलं की आता चार दिवस तरी या घरातून बाहेर पडायचं, नाहीतर आपण तिघं मोठी माणसं एकमेकांना खाऊन टाकू. तिघं म्हणजे तो, मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. माझ्या बाळंतपणासाठी त्या नाशिकहून इंगोलश्टाटला आल्या होत्या. व्हिसा उशिरा मिळाल्यामुळे पोचल्या तेव्हा मनवा महिन्याची झाली होती, आणि हुकलेल्या त्या एका महिन्याची भरपाई करायचा त्यांनी चंगच बांधला होता.

येताना त्यांनी एक अख्खी बॅग बाळंतिणीच्या सामानाची आणली होती. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, ऊद आणि एक पितळी धुपाटणं. लाडू मी निमूटपणे संपवले. अडलं ते धुरीचं. इथल्या भाड्याच्या घरांत छताला राउखमेल्डर असतो, म्हणजे धुराचा वास लागताच किंचाळणारी एक पांढरी डबी. आमच्या पहिल्याच धुरीला ती अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचे आजोबा चपला न घालता वर धावत आले. त्यानंतर धुरी बंद आणि आईंचा चेहराही बंद. मला मनातून बरंच वाटलं होतं, हे इथे कबूल करून टाकते.

जूनमध्ये बायर्नला फ्रोनलाइशनाम या कॅथलिक सणाची सुट्टी असते, नेहमी गुरुवारी. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. त्या मधल्या दिवसाला इथे ब्रुकेनटाग म्हणतात, पुलाचा दिवस, आणि तो मिळवण्यासाठी ऑफिसात जानेवारीपासून रजा लागतात. समीरने तो मिळवला होता. डोंगरात बाळाच्या कानाला त्रास होईल आणि तळ्यावर डास असतील, असं म्हणत म्हणत आम्ही शेवटी खालच्या फ्रांकेनवर आलो. माइन नदी, द्राक्षांच्या उतरणी, मागे श्टायगरवाल्डचं जंगल. तिथल्या एका खेड्यात जुन्या शेतघराचा अर्धा भाग भाड्याने मिळाला. रात्रीचे नव्वद युरो, शिवाय शेवटच्या साफसफाईचे वेगळे. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. कारण पुढे कळेल.

गुरुवारी सकाळी नऊला निघालो. ए-नऊने न्यूर्नबर्ग, तिथून ए-तीनने वुर्त्सबुर्गच्या दिशेने. गुगल म्हणतं दोन तास. बाळ असेल तर साडेतीन धरा. दोनदा दूध, एकदा कपड्यांचा संपूर्ण संच, आणि रास्टहोफवर, म्हणजे महामार्गावरच्या थांब्यावर, नाणं टाकून उघडणाऱ्या संडासाचं आईंना वाटलेलं नवल, यात वेळ जातो. सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा. आम्ही दशम्या आणि दाण्याची चटणी बरोबर घेतली होती म्हणून निभावलं. गाड्यांच्या रांगेत उभं राहून आई दशमी मोडत म्हणाल्या, "एवढे रुंद रस्ते करून शेवटी उभेच राहतात की."

महामार्ग सोडला आणि सगळं एकदम निवांत झालं. उतारांवर द्राक्षांच्या ओळी, मधे चेरीची झाडं, रस्त्याकडेला विकणारं कुणीच नसलेली चेरीची टपरी. पुडा उचलायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. घराच्या मालकीणबाई, फ्राऊ लुट्स, फाटकात उभ्या होत्या. सत्तरीच्या, उंच, हातात बागेची कात्री. त्या अंगणापलीकडच्या भागात राहतात. त्यांनी किल्ल्या दिल्या, मनवाच्या पायाचं बोट हलकेच दाबलं, आणि टेबलावरची एक जाड फाइल दाखवून म्हणाल्या, "आल्झो, सगळं यात लिहिलंय. कृपा करून वाचा."

जर्मनीत प्रत्येक सुट्टीच्या घरात अशी फाइल असते. कचरा कोणत्या डब्यात, गरम पाणी किती वेळ, दुपारी आवाज करायचा नाही. मी सात वर्षं या देशात आहे, असल्या फाइली कोळून प्यायले आहे असा माझा समज होता. पहिलं पान पाहिलं, वायफायचा पासवर्ड घेतला आणि मिटली. संध्याकाळी गावातल्या एकुलत्या एक गास्टहाउसमध्ये श्पार्गेल खाल्ला, म्हणजे पांढरा ॲस्परॅगस, लोण्यात न्हालेला. हंगाम संपत आला होता. आईंनी एक देठ खाऊन "दुधीच आहे की, नुसता उंच वाढलेला," असा निकाल दिला आणि बटाटे संपवले.

शुक्रवारी सकाळी समीर शेजारच्या गावात पाव आणि डायपर आणायला गेला. मी मनवाला तेल लावून अंघोळ घालून बाहेर आले तर आई जिन्याशी उभ्या. चेहऱ्यावर अनेक आठवड्यांत न पाहिलेला आनंद.

"रेवती, वर माळा आहे. मोठाच्या मोठा. आणि छताला ती डबी नाही."

सगळे झोपलेले असताना त्यांनी पहाटे घराची पाहणी करून घेतली होती. माळ्याच्या दाराला नुसती कडी होती आणि दारावर वटवाघळाचं एक लहानसं चित्र. मला ते मुलांसाठीची सजावट वाटलं. बंद दारामागे जाऊ नये एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण अंघोळीनंतरची ती वेळ, त्यांचा तो चेहरा, आणि घरी मी या धुरीचं फारसं मनावर घेतलं नव्हतं याची टोचणी. मी गेले.

लांबच लांब माळा, उतरतं कौलारू छप्पर, मधे विटांचं जुनं धुराडं. उन्हाने वर चांगलं उबदार झालं होतं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर काळ्या तांदळासारख्या लेंड्या, पतंगांचे सुटे पंख.

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही." आईंनी एक चपलेखाली चिरडून दाखवली. "पाकोळ्या आहेत, लहान वटवाघळं. आमच्या शाळेच्या वर्गात असायच्या. धुराने जरा बाजूला होतात, नंतर येतात."

आई पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी खराट्याने वर्तमानपत्रं एका कडेला लोटली, धुराड्याच्या विटांवर धुपाटणं ठेवलं, इंगोलश्टाटच्या तुर्की दुकानातून आणलेले हुक्क्याचे कोळसे पेटवले. खाली अंगणात का नाही, असं मी विचारलं. "उघड्यावर बाळाला वारा लागतो," हे उत्तर मला आधीच माहीत होतं. ओवा, वावडिंग, शेपा पडला. गोधडीच्या आडोशाने मी बसले, मांडीवर मनवा. खरं सांगते, चार मिनिटं फार बरं वाटलं. पाठीला शेक, नाकात नाशिकचं घर, आणि आई काहीतरी गुणगुणत होत्या.

मग वरच्या तुळईवर काहीतरी सरकलं. मी वर पाहिलं. अंगठ्याएवढा चेहरा आणि त्यावर अंगाएवढे लांब कान. एकामागून एक ते जीव सुटले, धुरातून दोन फेऱ्या मारल्या आणि भिंतीच्या फटीतून भर उन्हात बाहेर गेले. दहा, बारा, जास्तही असतील. एका मिनिटात तुळई रिकामी.

"येतील," आई म्हणाल्या. पण त्यांनी लगेच धुपाटण्यावर झाकण ठेवलं.

खाली येऊन मी ती फाइल उघडली. तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत: माळ्यावर जाऊ नये, तिथे वटवाघळांची वोखेनश्टुबं आहे. हा शब्द मला दवाखान्यातून माहीत होता. वोखेनबेट म्हणजे बाळंतपणानंतरचे आठवडे. वोखेनश्टुबं म्हणजे बाळंतिणीची खोली. आई जिन्यावर उभ्या होत्या. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

बाजारातून परतलेल्या फ्राऊ लुट्सना मीच जाऊन सांगितलं. पहिल्यांदा त्यांना फक्त निखारे ऐकू आले. दोनशे वर्षांच्या लाकडी माळ्यावर विस्तव. त्यांचा आवाज चढला आणि तो चढणं रास्तच होतं. मग वटवाघळांचं ऐकलं आणि आवाज एकदम खाली आला, ते जास्त वाईट होतं. मागे आई येऊन उभ्या राहिल्या होत्या. जर्मन येत नसलं तरी त्यांना सगळं समजत होतं.

"सांग तिला, मी केलं. तुला ठाऊक नव्हतं म्हणावं."

"आम्ही दोघींनी," मी फ्राऊ लुट्सना म्हटलं. "आणि फाइल मी वाचली नाही."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. भाषांतर बरोबर झालेलं नाही एवढं त्यांना कळलं होतं.

फ्राऊ लुट्सनी फोन केला आणि अर्ध्या तासात हेर डोर्न आले. निवृत्त पोस्टमन, दाढीवाले, सायकलवर. गावोगावच्या माळ्यांवरची आणि चर्चच्या छपरांतली वटवाघळं पाहणारे इथले स्वयंसेवक. ते एकटे वर गेले, लाल काचेची बॅटरी घेऊन. आम्ही जिन्याच्या तळाशी. तेवढ्यात समीर डायपरचा गठ्ठा घेऊन परत आला, आम्हा तिघींचे चेहरे पाहून त्याने गठ्ठा खाली ठेवला.

हेर डोर्न खाली आले आणि हळू आवाजात बोलले. तुळईवर पाच पिल्लं आहेत, उघडी, आठवडाभराचीसुद्धा नाहीत. एक खाली पडलं होतं, कडेला लोटलेल्या कागदांपाशी. जिवंत आहे. हातमोजा घालून त्यांनी ते तुळईवर परत टेकवलं, त्याने लाकूड धरलं. आया मात्र एकही नाही.

"काही आया पिल्लाला पोटाशी धरून उडतात," ते म्हणाले. "घाईत सगळ्यांना जमत नाही. रात्री परत आल्या तर ठीक. नाही आल्या तर उद्या संध्याकाळपर्यंत ही सहा राहणार नाहीत."

मी ते आईंना मराठीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. त्यांनी विचारलं, "त्यांना दूध आपण नाही का पाजू शकत?" हेर डोर्ननी मान हलवली. इतकं लहान पिल्लू माणसाच्या हातून जगवणं फार अवघड, आणि आईने यावं म्हणून ते जागेवरच असायला हवं.

समीरने, आयटीवाल्याच्या सवयीने, वर्स्ट केस विचारला. दंड होतो का, कुणाला कळवावं लागतं का. त्याच्या डोळ्यांसमोर आमचे राहण्याचे परवाने तरळत होते, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही. इथे सगळीच वटवाघळं कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची विश्रांतीची जागा मोडणं हा गुन्हा आहे. हेर डोर्न म्हणाले, "नोंद मला करावीच लागेल. काय झालं ते लिहीन. पण आज मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी, शांतता. दिवसभर घराबाहेर राहा. मी तसाही जंगलात वटवाघळांसाठी टांगलेली खोकी बघायला चाललोय, या माझ्याबरोबर."

अशा रीतीने आमच्या सहलीत श्टायगरवाल्ड आलं. या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून चालायची लाकडी वाट आहे, एब्राखजवळ. ढकलगाडीसह जाता येतं असं ऐकलं, पण आमचं मन त्यात नव्हतं. आम्ही हेर डोर्नच्या मागोमाग साध्या पायवाटेने गेलो. उंच बीचची झाडं, खाली हिरवा अंधार, पायाखाली जुनी पानं. मनवा समीरच्या छातीवर बांधलेली. तिथे आई बोलू लागल्या, माझ्याकडे न बघता.

"समीरच्या वेळी माझं कुणी काही केलं नाही. माझी आई नव्हती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाराव्या दिवशी मी विहिरीवर कपडे धूत होते. तेव्हाच ठरवलं होतं, सुनेचं सगळं करायचं. एकही गोष्ट सोडायची नाही."

लग्नाला सहा वर्षं झाली, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. समीरलाही माहीत नसावं. तो चालता चालता थांबला, मग मनवाची टोपी उगाच नीट करत राहिला. मला माझीच लाज वाटली. राउखमेल्डर ओरडला तेव्हा झालेला आनंद आठवून जास्तच.

एका झाडावर चपटं लाकडी खोकं होतं, तळाशी उघडं. हेर डोर्ननी ते काढलं नाही, फक्त खालून आरसा धरला आणि आम्हाला एकेकाला बघू दिलं. आत दाटीवाटीने मऊ पिंगट केस आणि ते तसलेच कान. आई दचकल्या. "याच त्या!"

"नाही," हेर डोर्न म्हणाले. "या बहिणी."

पुढचा अर्धा तास त्यांनी आम्हाला जे समजावलं ते इथे लिहिते, कारण त्या दिवशी याच फरकावर सगळं अडलं होतं. लांब कानांच्या वटवाघळांच्या दोन जाती इथे आहेत, तपकिरी आणि राखाडी. काही दशकांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञसुद्धा दोघींना एकच समजत. तपकिरीचा चेहरा फिकट, अंगठा जरा लांब. राखाडीच्या डोळ्यांभोवती काळपट मुखवटा, अंगठा आखूड. ही झाली दिसण्याची गोष्ट. खरा फरक राहण्याचा. तपकिरी जंगलातली. ढोलीत राहील, खोक्यात राहील, कधी माळ्यावरही, आणि दर थोड्या दिवसांनी पिल्लं पोटाशी घेऊन बिऱ्हाड बदलेल. एक जागा गेली तर तिच्यापाशी आणखी दहा असतात. राखाडीला बाळंतपणासाठी माणसाचं छप्परच लागतं. जुनं, उबदार, न छेडलेलं. आणि भोवती फळझाडं, गवताळ माळ, ज्यावर पतंग मिळतील. तशी छपरं आता लोक राहायच्या खोल्या करण्यासाठी बंद करतात, लाकडाला औषधं मारतात, फळझाडं तोडतात. म्हणून जर्मनीच्या लाल यादीत तपकिरी धोक्यात असलेल्यांमध्ये आहे, तर राखाडी थेट नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीचं बरं चाललंय म्हणावं तर दुसरीचं हे असं.

"आमच्या माळ्यावरच्या?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"राखाडी. या बाजूच्या गावांत मला माहीत असलेली एवढीच जागा."

आईंना मी सांगितलं. त्यांनी मला विचारायला लावलं, की तपकिरी असत्या तर काय. हेर डोर्न म्हणाले, "तर आज रात्री मी झोपलो असतो."

परतताना फोल्काखला थांबलो, कारण बाळाला थांबावं लागतं. गाव देखणं आहे, रंगीत घरं, चौकात बाकं. एका बेकरीत कॉफी आणि चेरीचा केक घेतला. केक फार चांगला होता आणि कुणालाही गेला नाही. संध्याकाळी घरी आलो ते चोरपावलांनी. हेर डोर्ननी बजावलं होतं, की अंगणात कुणी थांबायचं नाही, दिवा लावायचा नाही, आणि कान लावून बसण्यातही अर्थ नाही. ही वटवाघळं इतक्या हळू बोलतात की आवाज टिपणाऱ्या यंत्रालाही कित्येकदा ऐकू येत नाही. आम्ही पडदे ओढले, खिचडी खाल्ली आणि कुजबुजत झोपायला गेलो. मनवासुद्धा त्या रात्री एकदाच उठली. आई झोपल्या नाहीत. मी दुधासाठी उठले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला ताठ बसून होत्या.

"डोळा लागत नाही. सहा लेकरं आहेत गं वर."

मी त्यांच्या शेजारी बसून मनवाला पाजलं. त्यांच्या खांद्याला टेकले होते, हे नंतर लक्षात आलं.

शनिवारी सकाळी सहाला फाटकापाशी सायकलचा आवाज झाला. हेर डोर्न मोजे घालूनच वर गेले, बूट जिन्याखाली. फ्राऊ लुट्स अंगावर कोट टाकून आल्या आणि आमच्यातच उभ्या राहिल्या. वरून काहीच ऐकू येईना. मग ते खाली आले, शेवटच्या पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला पायांशी चाचपू लागले. बूट त्यांच्या पायात नव्हतेच, शेजारी होते. तेव्हा मला कळलं की माणूस आनंदाने गोंधळलाय.

"आल्या," ते म्हणाले. "पाच पिल्लं झाकलेली. दिसत नाहीत, नुसती पाठ दिसते आयांची."

"आणि सहावं?" हे आईंनी मराठीत विचारलं. सहा बोटं वर करून, एक हलवून.

हेर डोर्न हसले. तुळईच्या टोकाला, जिथे त्यांनी ते टेकवलं होतं, तिथे एकटी एक बसली आहे. कान काखेत दुमडून. तिच्या पंखाखालून एक पाय बाहेर आलेला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. तिचं तिला सापडलं."

माझा जीव भांड्यात पडला. फ्राऊ लुट्सनी डोळे पुसले, मग एकदम आठवल्यासारखं माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "पण विस्तव पुन्हा नाही." मी म्हटलं, कधीच नाही. आईंनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक जिन्याला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सगळ्यांसाठी शिरा केला. फ्राऊ लुट्सनी दोनदा घेतला आणि कृती लिहून मागितली. हेर डोर्ननी बशी चाटली नाही एवढंच.

मधले काही तास त्या आया कुठे होत्या, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. शेजारच्या कोठारात, किंवा भिंतीवरच्या फळ्यांमागे. "मला माहीत नाही. आल्या, एवढं पुरे."

उरलेले दीड दिवस आम्ही खऱ्या अर्थाने सुट्टीवर होतो. माइन नदी इथे एक मोठं वळण घेते. ते फोगेल्सबुर्गवरून पूर्ण दिसतं, आणि तिथे पोचायला चढ फारसा नाही. खाली नॉर्डहाइमजवळ लहान फेरी आहे, गाडीसकट पलीकडे नेते. दोन मिनिटांचा प्रवास, आईंना इतका आवडला की आम्ही काहीही काम नसताना परत अलीकडे आलो. वाइन इथे चपट्या गोल बाटलीत मिळते. समीरने घेतली, मी वास घेऊन समाधान मानलं. उन्हात बाकावर बसून चेरीच्या बिया लांब थुंकण्यात मी समीरला हरवलं आणि आईंनी मला. शुक्रवारी न गेलेला केक शनिवारी परत जाऊन खाल्ला. कुणाला या भागात यायचं असेल तर जून उत्तम. गर्दी शरदात असते, नव्या वाइनची. ऑगस्टच्या अखेरीस बऱ्याच गावांत वटवाघळं दाखवण्याच्या संध्याकाळी असतात, तेव्हा पिल्लं मोठी झालेली असतात आणि कुणाला त्रास होत नाही. आणि घरातली फाइल वाचा. सगळी पानं.

निघताना हेर डोर्ननी माझा नंबर घेतला. नोंदीचा कागद त्यांनी आम्हाला वाचून दाखवला होता. पाहुण्यांकडून नकळत धूर, त्यांनी स्वतः लगेच कळवलं, आया परतल्या. तीन ओळी. फ्राऊ लुट्सनी माळ्याच्या दाराला त्याच दिवशी कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या गळ्यात घातली.

घरी आलो तेव्हा आईंचं परतीचं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं होतं. बदलता येण्यासारखं. सहलीच्या आधी त्यांना जायची घाईच होती, तिकडे कामं खोळंबली होती, दुरुस्तीची माणसं थांबली होती. आता समीरने सामानाचा विषय काढला की म्हणायच्या, "व्हिसा आहे ना अजून? मग पुढचं घे." का, असं विचारलं तर, बाळाला सोडवत नाही. आम्हाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. तिकीट दोनदा पुढे गेलं.

जुलै संपत आला होता. एका दुपारी मी मनवाला झोपवत होते, आई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हेर डोर्नचा मेसेज आला. कालपासून तुळईवर एकही पिल्लू नाही, खालीही एकही नाही. संध्याकाळी फटीबाहेर मोजली, पोरं उडतात. मी तो मोठ्याने मराठीत वाचला.

"सगळी?" आईंनी विचारलं.

"सगळी."

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली, वर दुसरी ठेवली. मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून, मनवा जागी होऊ नये इतक्याच आवाजात म्हणाल्या, "समीर, आता बघ रे तिकीट. या आठवड्यातलं मिळालं तर बरं."